काचेच्या पायाशी

लंडनच्या सिटी भागातल्या कुठल्याही नव्या ऑफिसात काचेच्या भिंतीपाशी जा आणि खाली बघा. गालिचा काचेपर्यंत पोचत नाही. त्याआधी वीत-दीड वीत रुंदीची एक जाळी लागते, ॲल्युमिनियमची किंवा लाकडी पट्ट्यांची, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. जाळी उचलली की पत्र्याचा, आतून काळा रंगवलेला चर दिसतो. त्यात तांब्याची नळी असते आणि नळीवर ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांची दाट रांग. नळीतून गरम पाणी फिरतं. पंखा नाही, आवाज नाही. आमच्या धंद्यात याला ट्रेंच हीटिंग म्हणतात, आणि ते बसवून घेणं, पाणी भरणं, तपासून चालू करून देणं हे माझं काम.

काचेच्या इमारतींवर पुस्तकं भरपूर आहेत. त्यांत काच असते, पोलाद असतं, आर्किटेक्टचा फोटो असतो. हा चर नसतो. माझं म्हणणं असं आहे की चर नसता तरी ती काच उभी राहिली असती, पण तिच्याशेजारी खुर्ची टाकून कुणी बसलं नसतं. आणि त्या जागेवर माणसाआधी झाडं बसली होती, तीही आपल्याकडची.

आधी दुखणं काय ते सांगते. थंडीत काचेला टेकलेली हवा गार होते, जड होते आणि पाणी उतारावरून यावं तशी काच धरून खाली घसरते. जमिनीवर आली की खोलीत पसरते. टेबलाशी बसलेल्याचे घोटे गारठतात आणि तो तक्रार करतो की खिडकीतून वारा येतोय. खिडकी तर उघडतच नाही. तो वारा खोलीतल्याच हवेचा असतो, काचेने तयार केलेला. काच जितकी उंच, तितका तो खाली जोरात पोचतो.

बाहेर उणे ३ अंश आणि आत २१ अंश धरा. काच एकेरी असेल तर तिची आतली बाजू जेमतेम ३ अंशांवर असते. साधी दुहेरी काच १२ च्या आसपास राहते. आज मिळणारी चांगली दुहेरी काच, म्हणजे मध्ये आर्गॉन भरलेली आणि डोळ्यांना न दिसणारा धातूचा लेप दिलेली, साडेसतरापर्यंत जाते. माझ्या धंद्याची चढती आणि उतरती कळा या तीन आकड्यांत आहे.

मी सांगली जिल्ह्यातली. आमच्याकडे खिडकीची भीती उन्हाची. पडदा ओढायचा तो मार्च ते जूनमध्ये. काच गारठा टाकते हे मला इथल्या पहिल्या हिवाळ्यात अंगावर कळलं, आणि चर काय करतो हे एका जुन्या आयरिश फिटरने दाखवलं. त्याने धुराची कांडी पेटवली आणि काचेपाशी डोक्याच्या उंचीवर धरली. धूर वर गेला नाही. काचेला चिकटून सरळ खाली आला, जाळीच्या काचेकडच्या फटीतून चरात शिरला आणि दिसेनासा झाला. क्षणभराने जाळीच्या दुसऱ्या बाजूने विरळ होऊन वर आला. म्हातारा एवढंच म्हणाला, “खोलीत जायच्या आधी पकडायचा.” गार हवेचं वजनच तिला चरात उतरवतं आणि गरम नळी तिला पुन्हा वर पाठवते. पात्यांची नळी काचेकडे ठेवायची की खोलीकडे, यावर इमारतीगणिक वाद होतात. दोन्ही पद्धती वापरात आहेत. पण काम एकच, घसरणाऱ्या हवेच्या वाटेत आडवं येणं.

रोमन लोकांनी जमिनीखालून गरम धूर खेळवला, ती गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते आणि ट्रेंचचं मूळ तिथे दाखवायची सवयही आहे. मला ते पटत नाही. रोमनांना फरशी तापवायची होती. ट्रेंच फरशी तापवत नाही, तो काचेची राखण करतो. त्याचा वंश इंग्लंडच्या काचघरांत शोधावा लागतो.

अठराव्या शतकातली काचघरं भिंतीतून धूर फिरवून तापवत. धूर गळला की झाडं मरत. मग वाफ आली, तिच्यावर रात्रभर नजर ठेवावी लागे. १८२० च्या दशकात माळ्यांनी गरम पाण्याकडे मोर्चा वळवला. चार इंची ओतीव लोखंडाच्या नळ्यांत इतकं पाणी मावे की रात्री भट्टीवाल्याचा डोळा लागला तरी सकाळपर्यंत ऊब टिके. पंप नव्हते. पाणी तापलं की हलकं होऊन वर चढे, निवलं की खाली येई. त्यासाठी बॉयलर सगळ्यांत खाली लागे. म्हणून काचघराखाली खड्डा, खड्ड्यात भट्टी आणि भट्टीपाशी कोळशाने माखलेला माणूस, अशी रचना ठरून गेली.

तिचा सगळ्यांत मोठा नमुना डर्बीशरमधल्या चॅट्सवर्थला उभा राहिला. डेव्हनशरच्या सहाव्या ड्यूकच्या बागेचा मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टन याने १८३६ साली ग्रेट कॉन्झर्व्हेटरीचं काम सुरू केलं. लांबी २७७ फूट, रुंदी १२३ फूट, उंची ६७ फूट. चान्स बंधूंच्या कारखान्यातून चार फूट लांबीच्या काचा मागवल्या. तोवर तीन फुटांच्या वर काच मिळत नसे. आणि खाली आठ बॉयलर, सुमारे ७ मैल नळ्या. कोळसा भुयारातल्या छोट्या रुळांवरून यायचा आणि धूर जमिनीखालून दूरच्या झाडीत नेऊन सोडला होता, म्हणजे फिरायला आलेल्या पाहुण्याला यातलं काही दिसू नये. १८४३ च्या डिसेंबरात राणी व्हिक्टोरिया आली तेव्हा १२,००० दिवे लावले होते आणि तिची बग्गी काचघराच्या आतून नेली. डर्बीशरच्या डिसेंबरात. त्या रात्री आठ भट्ट्यांवर कोण होतं, हे राणीच्या भेटीच्या वर्णनांत येत नाही.

हा खटाटोप कशासाठी होता ते बघायला हवं. पॅक्स्टनने १८३५ साली जॉन गिब्सन नावाच्या तरुण माळ्याला जहाजात बसवून कलकत्त्याला पाठवलं. त्याने खासी टेकड्यांतून ऑर्किडं गोळा केली आणि अ‍ॅम्हर्स्टिया नावाचं लाल झुपक्यांचं ब्रह्मदेशी झाड मिळवलं. १८३७ साली तो परतला. ड्यूकला त्या झाडाचं वेड होतं, पण चॅट्सवर्थला ते फुललं नाही. इंग्लंडमध्ये पहिल्यांदा फुललं ते १८४९ साली, ईलिंगच्या मिसेस लॉरेन्स यांच्या काचघरात. आसाम आणि ब्रह्मदेशातली दमट हवा डर्बीशरमध्ये तयार करायची म्हणजे कोळसा जाळत राहणं आलं, वर्षानुवर्षं, एक रात्रही न चुकता.

ती रात्र पहिल्या महायुद्धात चुकली. कोळसा मिळेना, माणसं आघाडीवर गेली, भट्ट्या थंडावल्या आणि आतली झाडं मेली. १९२० साली ते काचघर सुरुंग लावून पाडलं, आणि तेही पहिल्या स्फोटात पडलं नाही. आज तिथे झुडपांचा भुलभुलैया आहे. काच फुटली नव्हती, लोखंड गंजून कोसळलं नव्हतं. खालची ऊब गेली आणि वरच्या इमारतीला अर्थ उरला नाही. काचेच्या इमारतींबद्दल बोलताना मला ही गोष्ट कायम पुढे ठेवावीशी वाटते.

१८४५ मध्ये सर रॉबर्ट पील यांच्या सरकारने काचेवरचा अबकारी कर उठवला. हा कर वजनावर असे, त्यामुळे मोठी, जाड काच म्हणजे चैन होती. कर गेल्यावर काच झपाट्याने स्वस्त झाली. त्याच सुमाराला लंडनच्या क्यू बागेत पाम हाउस हे काचघर बांधलं जात होतं, १८४४ ते १८४८. आराखड्यावर नाव डेसिमस बर्टनचं असतं, पण लोखंडाची अक्कल डब्लिनच्या रिचर्ड टर्नरची. ११० मीटर लांब, मधोमध २० मीटरच्या आसपास उंच. जमीन ओतीव लोखंडाच्या जाळ्यांची आणि जाळ्यांखाली गरम पाण्याच्या नळ्या. आजच्या ऑफिसात जे काठाला असतं, ते तिथे सगळ्या जमिनीभर होतं.

माझे वडील लंडनला आले होते तेव्हा त्यांना मी आवर्जून तिथे नेलं. आप्पांची सगळी नोकरी साखर कारखान्यात गेली, फर्स्ट क्लास बॉयलर अटेंडंट म्हणून. गळीत हंगामात आम्हाला ते घरी दिसत ते झोपलेलेच. पाम हाउसमध्ये शिरल्याबरोबर त्यांचा चष्मा वाफेने पांढरा झाला. तो पुसून त्यांनी नारळाकडे, केळीकडे बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, “बॉयलर कुठाय?”

मी त्यांना बाहेर काढून व्हिक्टोरिया गेटकडचा मनोरा दाखवला. विटांचा, इटालियन घाटाचा, ३० मीटरहून उंच, पाम हाउसपासून दीडेकशे मीटरवर. तो मनोरा म्हणजे धुराडं आहे. काचघराच्या देखणेपणाला बाध नको म्हणून बर्टनने धूर भुयारातून तिथवर नेला. त्याच भुयारातून कोळसा उलट दिशेने येई. बॉयलर पाम हाउसच्या खाली, तळघरात.

आप्पांनी मनोऱ्याकडे बघितलं, मग पाम हाउसकडे, मग मधल्या हिरवळीकडे. “एवढं आडवं? मग ओढ कशी लागणार गं?” ते म्हणाले. “धुराला वर जायची घाई असते. त्याला आधी जमिनीखालून पळवलंस तर तो वाटेतच गार होतो. गार धूर धुराड्यात चढत नाही, माघारी येतो.”

झालंही तसंच होतं. ओढ नीट लागेना. त्यात तळघरात पाणी साचे, भट्ट्यांना त्रास होई. काही वर्षांतच ही व्यवस्था बदलावी लागली आणि इमारतीला लागूनच धुराडी उभी करावी लागली, देखणेपणाला बाध आला तरी. इतिहासाच्या पुस्तकातला हा परिच्छेद मी आधी वाचला होता. आप्पांनी तो न वाचता सांगितला. परतताना ते लोखंडी जाळीवर वाकले, तळहात धरला आणि पाण्याचं तापमान किती असेल ते बोलले. भट्टीपाशी आयुष्य काढलेल्या माणसांची ही विद्या कुठल्याही आराखड्यात उतरलेली नाही. क्यूला ती वेळीच विचारली गेली असती तर मनोऱ्याचा खर्च तरी वाचला असता, किंवा भुयाराचा तरी.

काचघरांतून हे काम चर्चमध्ये गेलं. तेच कारखाने, तेच चार इंची नळ, त्याच ओतीव जाळ्या, फक्त नक्षी जास्त. इंग्लंडमधल्या जुन्या चर्चांत मधल्या वाटेवर त्या अजून पायाखाली येतात. पुष्कळ ठिकाणी खालच्या नळ्या केव्हाच काढून टाकल्या आहेत. घरांसाठी अँगियर मार्च पर्किन्सने १८३१ साली वेगळा मार्ग काढला: बारीक, जाड भिंतीच्या नळ्या, पूर्ण बंद, आणि पाणी उकळबिंदूच्या कितीतरी वर तापवलेलं. वास्तुकार सर जॉन सोन यांनी लिंकन्स इन फील्ड्समधल्या आपल्या घरी ही व्यवस्था बसवून घेतली. विमा कंपन्यांनी मात्र तिचा धसका घेतला, कारण नळीला टेकलेलं लाकूड काळं पडे. सिडनहॅमला १८५४ साली पुन्हा उभारलेल्या क्रिस्टल पॅलेस या काचेच्या अवाढव्य प्रदर्शन-इमारतीच्या जमिनीखालीही पॅक्स्टनने बॉयलर आणि मैलोगणती नळ्या घातल्या, कारण एका टोकाला उष्ण कटिबंधातली झाडं होती. १८६६ च्या ३० डिसेंबरला ते उत्तरेचं टोक जळून गेलं.

ऑफिसं या सगळ्यापासून लांब होती. लिव्हरपूलला पीटर एलिसने १८६४ साली ओरिएल चेंबर्स बांधलं, लोखंडी सांगाडा आणि काचेच्या फुगीर खिडक्यांचं ऑफिस. समकालीनांनी त्याची टर उडवली. पण एरवी विलायती ऑफिस म्हणजे जाड भिंत, बेताची खिडकी, खोलीत कोळशाची शेगडी. पुढे ओतीव लोखंडाचे रेडिएटर आले तेव्हा ते खिडकीखालच्या कट्ट्यात बसले. जागा उरली म्हणून तिथे बसवले असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. काचेवरून उतरणारा गारवा रेडिएटरच्या उबेवर येऊन आदळायचा आणि तिथेच थांबायचा. कमरेपर्यंतची भिंत आणि तिच्या पोटातला रेडिएटर ही जोडी पन्नासेक वर्षं बिनतक्रार चालली.

विसाव्या शतकाने ती भिंतच काढून टाकली. पॅरिसला ल कॉर्ब्युझिएने सिते द रफ्यूज या निराधारांच्या वसतिगृहाला एका बाजूने संपूर्ण, न उघडणारी काच लावली. १९३३ साली ते उघडलं. त्याच्या मनात दोन काचा आणि मधून खेळवलेली गरम-गार हवा होती. पैशापायी एकच काच लागली, हवा गार करायची यंत्रणा गेली, आणि उन्हाळ्यात आतली माणसं भाजून निघाली. न्यूयॉर्कला १९५२ साली लिव्हर हाउस झालं, बंद काचेचा मनोरा. तिथे खिडकीशी रांगेने यंत्रं ठेवली, ज्यांतून हवा आणि पाणी दोन्ही आणलं होतं. म्हणजे कट्टा गेला तरी त्याच्या जागी पत्र्याची पेटी आली. आर्किटेक्टला ती पेटी खुपत राहिली. काच जमिनीपासून छतापर्यंत अखंड दिसायला हवी होती.

लंडनमध्ये याच वर्षी, १९५२ च्या डिसेंबरात, ५ ते ९ तारखेपर्यंत कोळशाच्या धुराचं धुकं बसलं आणि हजारो माणसं गेली. १९५६ चा स्वच्छ हवेचा कायदा त्यातून आला. ऑफिसांतल्या शेगड्या विझल्या, तळघरात एक बॉयलर आणि प्रत्येक मजल्यावर गरम पाणी ही पद्धत पसरली. १९५९ साली सेंट हेलेन्सच्या पिल्किंग्टन कंपनीने फ्लोट काच जाहीर केली: वितळलेल्या कथलावर तरंगवत सपाट केलेली, घासायची गरज नसलेली. मोठी काच आता कुणालाही परवडू लागली. पाणीही मजल्यावर आलेलं होतं. अडत होतं ते जागेचं, कारण काँक्रीटच्या स्लॅबमध्ये चर खोदणं खर्चाचं आणि कटकटीचं.

ती जागा संगणकाने दिली. तारा लपवायला स्लॅबच्या वर, पायांवर उभी केलेली दुसरी जमीन आली. ६०० मिलिमीटरचे चौकोनी तुकडे, खाली दीडशे मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पोकळी. ऑक्टोबर १९८६ मध्ये लंडनच्या शेअर बाजाराचे नियम एका दिवसात बदलले आणि सिटीत प्रचंड मजल्यांची ऑफिसं हवीहवीशी झाली, जिथे जमिनीखाली तारांचं जाळं असे. त्या पोकळीच्या काठाला ट्रेंच सहज बसू लागला. जर्मनी-बेल्जियमकडे हे काम आधीपासून रुळलेलं होतं. अजूनही पुष्कळ माल तिकडूनच येतो. त्याच वर्षी उघडलेल्या लॉइड्सच्या इमारतीने मात्र वेगळा डाव टाकला. तिथे खोलीतली वापरलेली कोमट हवा काचेच्या थरांमधून ओढून घेतली, म्हणजे काचच कोमट राहावी. ल कॉर्ब्युझिएला जे जमलं नाही त्याच्याच जवळपासची ही कल्पना. मला ती फार आवडते, पण ती प्रत्येक इमारतीला झेपणारी नाही.

आता बसवण्याबद्दल. ट्रेंचचं काम मिलिमीटरचं असतं आणि ते अशा वेळी करायचं असतं जेव्हा साइटवर मिलिमीटर कुणाच्या गावी नसतो. काच लागलेली असते, जमीन झालेली नसते. चर काचेला समांतर हवा, पण काचेची चौकट आणि खांब कधीच एका रेषेत नसतात. खाली लेव्हलिंगचे बोल्ट असतात. लेझर लावून ते फिरवत चराची कड तयार होणाऱ्या जमिनीच्या पातळीला आणायची, जी जमीन अजून फक्त कागदावर आहे. गालिच्याची जाडी धरायला विसरलं तर जाळी कायमची वर उठून राहते.

मग नळी. तांबं तापलं की वाढतं. २० मीटरची नळी ६० अंशांनी तापली तर सुमारे २० मिलिमीटर लांबते. तिला सरकायला वाव ठेवला नाही तर रोज सकाळी बॉयलर चालू झाला की काठाने टकटक ऐकू येते आणि लोक उंदीर समजून तक्रार करतात. जोड झाले की कामाच्या दाबाच्या दीडपट दाब द्यायचा, मीटर लावून ठेवायचा आणि काटा हललाय का ते बघायचं. त्यानंतर चरावर झाकणाची फळी, जी शेवटपर्यंत उचलायची नाही. एका साइटवर ती कुणीतरी पाय ठेवायला म्हणून काढून नेली आणि ओलं सिमेंट आख्ख्या रांगेत शिरलं. पात्यांच्या फटी दोन-तीन मिलिमीटरच्या. सुकलेलं सिमेंट त्यांतून निघत नाही. रांगच्या रांग कापून टाकावी लागली.

शेवटी जाळी. ती चालण्याच्या वाटेवर असते म्हणून टाच अडकणार नाही इतक्या जवळ पट्ट्या हव्यात, आणि हवा जाईल इतक्या लांबही हव्यात. कोपऱ्यावर ४५ अंशांत कापून जोडायची. लोक नंतर तिच्यावर फायलींची कपाटं सरकवतात. कपाटाखाली ट्रेंच मेला म्हणून समजा. जुने चर उघडले की आत बोटभर धूळ, टाचण्या, पेनांची टोपणं, बिस्किटांचा चुरा आणि टाचेखाली दबून आडवी झालेली पाती सापडतात. ती पाती एका बारीक दातांच्या कंगव्याने एकेक करून सरळ करता येतात. वेळखाऊ काम आहे, पण नव्या फिटरला मी पहिल्यांदा तेच देते. हवा कुठून जाते हे हाताला कळल्याशिवाय बाकीचं शिकवून उपयोग नसतो.

आप्पांना मी अशाच एका साइटवर, मुकादमाची परवानगी काढून, हेल्मेट घालून नेलं होतं. त्यांनी सबंध काठ चालून बघितला. “हे सगळं काचेपायी?” ते म्हणाले. मी हो म्हटलं. “मग भिंत बांधायची.” त्यांच्या या वाक्याला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. आता अर्धंमुर्धं आहे. इथे हिवाळ्यात दुपारी चारला अंधार पडतो. दिवसाचा उजेड मजल्याच्या आतवर पोचावा यासाठी माणसं काचेला पैसे मोजतात, आणि ते मला वावगं वाटत नाही. वावगं एवढंच वाटतं की काचेच्या किमतीत चराची आणि बॉयलरची किंमत धरली जात नाही.

हल्ली या धंद्याची जमीन पुन्हा सरकते आहे. काच सुधारली. साडेसतरा अंशांच्या काचेवरून पूर्वीइतका गारवा उतरतच नाही, त्यामुळे साध्या उंचीच्या मजल्यांवर ट्रेंच गाळून टाकायचा प्रस्ताव मीही देते. पण त्याच वेळी गॅसचे बॉयलर जाऊन हीट पंप येताहेत. जुन्या व्यवस्थेत पाणी ८२ अंशांनी जायचं आणि ७१ अंशांनी परतायचं. हीट पंप ४५ अंशांवर खूश असतो. तीच नळी, तेच चर, पण ४५ च्या पाण्यावर ऊब पूर्वीच्या पाव हिश्श्याच्या आसपास येते. ऐंशीच्या दशकातली दुहेरी काच बदलून आजची लावली तर उबेची गरज चार-दशांशावर येते. गरज चार-दशांश आणि पुरवठा पाव. मधला फरक कुठून आणायचा, यावर माझ्या सध्याच्या बैठका चालतात. उत्तर बहुधा चरात छोटे, जवळपास निःशब्द पंखे बसवणं हे असतं. हवेला स्वतःच्या वजनाने फिरू द्यायचं हे मूळ तत्त्व तिथे सुटतं, याचं मला वाईट वाटतं.

क्यूलाही हाच हिशेब करावा लागणार आहे. पाम हाउसच्या काचा बदलून ते हीट पंपांवर आणायचं तिथे ठरलं आहे. ताडामाडांना घोटे नसतात, पण गारठा त्यांनाही बाधतो, आणि ती इमारत वीस मीटर उंच आहे.

सध्या माझ्याकडे सिटीतल्या एका ऐंशीच्या दशकातल्या इमारतीचं काम आहे. वरच्या मजल्यांवरचे चर आम्ही काढतो आहोत. तळमजल्याच्या लॉबीत सहा मीटरची काच आहे, तिथला चर रुंद करून, पंखे घालून ठेवायचा हे मी वाद घालून मान्य करून घेतलं. इमारतीचे मूळ कागद मालक बदलताना फेकले गेले होते. म्हणून काढण्याआधी प्रत्येक रांग मोजून, नळीचा व्यास, पात्यांची दाटी, पाण्याची वाट, सगळं कागदावर उतरवायला मी पोरांना लावलं आहे, आणि ते नव्या आराखड्यांसोबत इमारतीच्या फायलीत जाईल. मुकादम म्हणतो, काढून टाकलेल्या गोष्टीचे आराखडे कुणी मागत नाही. चाळीस वर्षांनी ही काच बदलायला येणारा इंजिनिअर मागेल.